चित्र नीट झालं की बदली

तोक्योतल्या आमच्या निशी-कसाईत किस्से साठतात ते रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांसारखे. रोज एक-दोन जमतात, आणि बाहेर ठेवायचा दिवस मात्र आठवड्यातून एकच. आमचा तो दिवस रविवार. चार मराठी घरं चहाला एकत्र आली की सगळ्यांच्या पिशव्या मोकळ्या होतात. बाकीचे किस्से सांगून संपतात, पण पेटीचे काही संपत नाहीत. गेली चार-पाच वर्षं ते वाढतच चाललेत.

पेटी म्हणजे एक कम्प्युटर. काळा, बुटका, टीव्हीच्या खाली आडवा ठेवायचा. जोगळेकर नावाच्या आमच्या मित्राने अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या चार दुकानांतून सुटे भाग आणून हौसेने जोडला. त्यात सिनेमे, नाटकांची रेकॉर्डिंग्ज, गाणी, शिवाय सगळ्यांच्या पोरांचे फोटो. जेमतेम सहा चटया मावतील एवढ्या खोलीत त्याला होम थिएटर म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं, पण जोगळेकर म्हणायचा. आणि पेटी ज्याच्या घरी, त्याच्या घरी रविवार!

आता आमच्यात एक पद्धत आहे. इथे मोठी वस्तू टाकायची तर फोन करून तारीख घ्या, पैसे भरून स्टिकर आणा, तो चिकटवा, सकाळी आठच्या आत ती खाली नेऊन ठेवा. एवढं करण्यापेक्षा परत जाणारा माणूस आपला संसार मागे राहणाऱ्यांत वाटून टाकतो. राइस कुकर एकाकडे, सायकल दुसऱ्याकडे, गाद्या तिसऱ्याकडे. तशीच पेटीही घराघरांतून फिरत आली. पेटी एकच, टीव्ही मात्र ज्याचा त्याचा वेगळा. त्यामुळे एका घरात बसवलेलं चित्र दुसऱ्या घरात कधीच बसत नाही. कुठे अक्षरं मुंगीएवढी, कुठे माणसांची डोकी कापलेली.

आणि जायचं म्हणजे मार्चमध्ये. इथलं ऑफिसचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे निशी-कसाईत कुणी भेटलं की "कसा आहेस?"च्या आधी "मार्चनंतर आहेस ना?" असं विचारतात. आम्ही कुणी मोठं कपाट घेत नाही. तांदूळ पाच किलोच्या वर आणत नाही. एक पाय सतत उंबऱ्याबाहेर.

* * *

पहिला किस्सा जोगळेकरच्या आईंचा.

त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. टीव्ही मोठा आणि नवा, त्यामुळे पेटीवरची अक्षरं अगदीच बारीक दिसायची. आईंना मालिका लावता येईना. दर दुपारी त्या जोगळेकरला ऑफिसात फोन करायच्या, "अरे, ते कुठे दाबायचं?" हा बिचारा मीटिंगमधून बाहेर येऊन, जिन्यात उभा राहून, "डावीकडे, आई, अजून डावीकडे" असं हात हलवत सांगायचा. बाजूने जाणारे जपानी सहकारी समजायचे की हा गाडी पार्क करायला लावतोय कुणाला तरी.

शेवटी वैतागून त्याने अक्षरांचा आकार तीनशे टक्के करून टाकला. आता पडद्यावर एकूण दोन चित्रं मावायची. एक मालिकेचं, एक गाण्यांचं. आई खूश! तीन महिने त्या दोन चित्रांवर सुखाने राहिल्या. जाताना विमानतळावर डोळे पुसत म्हणाल्या, "तुझं सगळं छान आहे रे, पण एवढा पगार आहे, कम्प्युटर जरा जास्त चित्रांचा घे."

* * *

आई गेल्यावर जोगळेकरने एका रविवारी आमच्या सगळ्यांच्या देखत चित्र पुन्हा नीट बसवलं. अक्षरं बेताची, कडा जागेवर, अगदी पुसून लखलखीत केल्यासारखं. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुवारी त्याला पुण्याच्या ऑफिसचा फोन आला, परत बोलावलंय म्हणून.

तेव्हा कुणाच्या काही डोक्यात आलं नाही.

पेटी गेली कामतकडे. कामत मुंबईच्या बँकेतला, पोस्टिंगवर आलेला. त्याच्याकडे अक्षरं परत मुंगीएवढी झाली. कामतला आकड्यांची सवय. तो कीबोर्ड मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला आणि एकेक माप लावून बघायला लागला. पण पेटीची एक खोड होती. माप बदललं की ती विचारायची, हे ठेवू का? पंधरा सेकंदांत होय म्हटलं नाही तर मुकाट्याने जुन्यावर परत. आणि हा प्रश्नसुद्धा मुंगीएवढ्या अक्षरांत!

सोफ्यावरून होय कुठलं आणि नाही कुठलं ते दिसेना. मग कामत माप बदलायचा, उठून टीव्हीपर्यंत पळायचा, नाक लावून वाचायचा, परत पळत येऊन कीबोर्ड गाठायचा, तोवर सोळावा सेकंद. त्याची बायको शुभदा मोठ्याने उलटे आकडे म्हणायला लागली. मुलंही म्हणायला लागली. सहाव्या खेपेला कामत चहाच्या टेबलाला अडखळून पालथा पडला, पण पडता पडता त्याने बटण दाबलं. आणि चित्र लागलं! आम्ही सगळे उभे राहिलो.

आमच्यातले चिटणीस काका कोपऱ्यात शांत बसून होते. ते म्हणाले, "दर रविवारी हेच ठेवा. सिनेमाचं काय एवढं."

पंधरा दिवसांत कामतची बदली मुंबईला झाली.

* * *

चिटणीस काकांबद्दल सांगायला हवं. काका चाळीस वर्षांपूर्वी कोबेला एका व्यापारी पेढीत नोकरीला आले, तिथेच योशिए-सानशी (सान म्हणजे आपलं जी) लग्न केलं, मग तोक्योला आले आणि इथे जवळच फुनाबोरीत घर घेऊन राहिले. आमच्यात न जाणारं घर ते एकच. त्यांना कुणीतरी म्हणालं, काका, पेटी तुमच्याकडेच ठेवू या, म्हणजे हे फिरणं तरी थांबेल. काका म्हणाले, "नको. ती पेटी जाणाऱ्यांची आहे."

योशिए-सान दर रविवारी न चुकता येतात. त्यांना मराठी येतं ते "छान", "बास" आणि "भूक नाही" इतकंच. नाटकांच्या रेकॉर्डिंगला खाली इंग्रजी ओळी यायच्या, म्हणून त्या बघू शकायच्या. पण कामतच्या टीव्हीवर अक्षरं मुंगीएवढी, आणि पुढे ज्याच्याकडे पेटी गेली त्या सानेच्या टीव्हीवर चित्राच्या कडाच कापल्या जायच्या. खालच्या ओळीची फक्त वरची अर्धी अक्षरं दिसायची. तरी योशिए-सान सगळ्या विनोदांना बरोबर जागी हसायच्या. आम्ही थक्क. साने म्हणाला, जपानी माणसाला अर्ध्या अक्षरावरून वाचता येत असणार, त्यांच्या लिपीची सवय.

एका रविवारी काकांना सर्दी झाली म्हणून ते आले नाहीत. योशिए-सान एकट्याच आल्या. तेच नाटक, त्याच अर्ध्या ओळी. त्या दोन तास गंभीर चेहऱ्याने बसून राहिल्या. एकदाही हसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी काका आले. मग मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो. योशिए-सान पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या.

* * *

हा साने म्हणजे एकटा जीव, वय सत्तावीस, स्वभाव उद्धट. त्याच्याकडे पेटी दिल्यावर कामतने विमानतळावर त्याला सांगितलं की चित्राला फार हात लावू नकोस, जोगळेकरने नीट केलं तो गेला, मी नीट केलं मी चाललो. साने इतका हसला की त्याचा मास्क खाली आला. "तुम्ही सगळे इंजिनिअर आहात ना?" असं त्याने आम्हाला विचारलं. कामत म्हणाला, "मी बँकेतला आहे."

सानेने सुरुवातीला आळसापायी हात लावला नाही. मग एका संध्याकाळी, केवळ आमची जिरवायला, त्याने टीव्हीच्या मापाचं एक खास नवीन मापच पेटीत तयार करून घातलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. चारी कडा दिसत होत्या. खाली लिहिलं होतं, "मी अजून इथेच आहे."

महिन्याभरात त्याचं प्रोजेक्टच बंद झालं. हैदराबाद!

जाताना पेटी माझ्या दारात आणून ठेवली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "नितीनदा, माझा विश्वास नाही. पण नीट करू नका."

* * *

तर अशी पेटी आमच्याकडे आली. घरात मी, बायको रोहिणी आणि आता दुसरीत असलेली इरा. इराशी आम्ही मराठीत बोलतो, ती उत्तर जपानीत देते, आणि भांडायचं असेल तर इंग्रजीत.

माझ्या टीव्हीवर पेटीच्या चित्राच्या चारी कडा कापल्या गेल्या. उभ्या माणसाचं कपाळ गायब. फोल्डरांच्या नावांची पहिली अक्षरं गायब. कोपऱ्यातलं घड्याळ तर मी पुढे तीन वर्षं पाहिलं नाही. आणि माझा धंदा काय? मी टेस्टर. लोकांच्या स्क्रीनवर कुठलं बटण अर्धवट दिसतंय, कुठलं अक्षर कापलं जातंय, हे शोधून त्याची तक्रार नोंदवायची, याचाच मला पगार मिळतो. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कापलेल्या कडा, घरी आलं की स्वतःच्या. हात नुसते शिवशिवायचे. जेवताना माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे, झोपताना डोक्यात मापं.

पण हात लावायची भीतीही वाटायची. विश्वास नाही हो माझा. पण दर डिसेंबरमध्ये माझं इथलं राहणं एकेका वर्षाने वाढायचं की नाही ते ठरायचं. मला राहायचं होतं की जायचं होतं, ते मात्र विचारू नका. सकाळच्या गर्दीत तोझाई लाइनच्या गाडीत उभा असलो की जायचं असायचं. संध्याकाळी इराला घेऊन नदीच्या काठाने सायकल चालवली की राहायचं असायचं.

रोहिणीचं मात्र पक्कं होतं. तिला पुण्याला जायचं होतं. पहिल्या वर्षी ती स्वयंपाकघरात उभी राहून रडायची, ते मी पाहिलंय. पुढे रडणं थांबलं, पण माझ्या आईला, तिच्या आईला, ग्रुपवर, सगळीकडे तिचं एकच, "कधी एकदा परत जातोय असं झालंय." आणि दर रविवारी चारचौघांत मला म्हणायची, "अरे, ते चित्र नीट कर ना एकदाचं. डोकी कापलेली माणसं किती दिवस बघायची?"

काका चिडवायचे, "करू दे की त्याला. म्हणजे तुझं पुणं लवकर येईल."

"मग, तेच तर म्हणते," असं म्हणून ती बशा गोळा करायला लागायची.

* * *

आता ऑफिसचा एक किस्सा, कारण त्यातही पेटी आहे.

एका सोमवारी मी घरून काम करत होतो. लॅपटॉपची स्क्रीन लहान, म्हणून म्हटलं पेटीवरूनच मीटिंग करू, मोठं दिसेल. कडा कापल्या जात होत्या म्हणून मी अक्षरं अडीचशे टक्के करून ठेवली. माझे साहेब मोरिता-सान आणि इतर सात जण. मी माझी स्क्रीन सगळ्यांना दाखवत होतो. तेवढ्यात रोहिणीचा मेसेज आला. तो पडद्याच्या मधोमध, वीटभर अक्षरांत, देवनागरीत उघडला. "येताना कोथिंबीर आण. आणि मार्चची तिकिटं बघून ठेव, मला इथे आणखी एक वर्ष काढायचं नाहीये."

मी घरी असताना येताना कशाला, हा वेगळा प्रश्न. आपण घरात असतो तेव्हाही बायकोच्या डोक्यात आपण ऑफिसात असतो.

सात जण शांतपणे ती अक्षरं बघत होते. मोरिता-सान अत्यंत आदराने म्हणाले की हे काय आलं आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, सिस्टिमची सूचना आहे. त्यांनी मान हलवली आणि मीटिंग पुढे गेली.

संध्याकाळी मीटिंगची टिपणं आली. चौथा मुद्दा असा होता: अपरिचित लिपीतील सूचना मोठ्या आकारात दिसली, कारण नितीन-सान यांनी शुक्रवारपर्यंत शोधावे. जपानी टिपणात आलेला मुद्दा बंद झाल्याशिवाय जात नाही, तो पिशाच्चासारखा दर आठवड्याला उभा राहतो. दोन शुक्रवार मी "तपास चालू आहे" असं लिहिलं. तिसऱ्या शुक्रवारी मोरिता-साननी मदतीला आणखी एक माणूस देऊ केला. मग मी लिहिलं, मूळ कारण सापडलं, तोडगा काढला, पुन्हा होणार नाही.

कोथिंबीर त्या सोमवारीच आणली होती. तिकिटं बघितली नव्हती.

* * *

गणपतीचा किस्सा तर इराच्या आजीपर्यंत पोचला.

त्या वर्षी गणपती आमच्याकडे बसवला. मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आरत्या इंग्रजी अक्षरांत लिहून पडद्यावर लावल्या. उजवी कड कापलेली! प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बाहेर. मोठ्यांना आरत्या पाठ, त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. मुलं मात्र जेवढं दिसतं तेवढंच, खणखणीत आवाजात, आणि शेवटच्या शब्दाच्या जागी गप्प. मग टाळी. मग पुढची ओळ. दहा दिवस रोज म्हटल्यावर त्यांचं तेच पाठ झालं.

पुढे माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर कौतुकाने इराला आरती म्हणायला लावली. इराने डोळे मिटून, हात जोडून, सगळी आरती शेवटचे शब्द सोडून म्हटली. आईने मला फोनजवळ बोलावलं. मग मला म्हणाली, "तिकडे सगळं अर्धवटच शिकवतात का?"

रोहिणी फोन हातात घेत म्हणाली, "आई, येतोय ना आम्ही लवकरच. मग शिकवा पूर्ण."

* * *

एकदा मात्र मी अगदी काठावर पोचलो होतो.

शनिवारची सकाळ होती, इरा पोहायला गेली होती. डिसेंबरला अजून चार महिने होते, त्यामुळे भीती जरा कमी. मी मनाशी म्हटलं, टेस्टर आहेस की कोण आहेस? आणि बसलो. पेटीचं चित्र आत आत ओढत नेलं. आधी अक्षरं पुसट झाली. मग दुसरा मार्ग काढला. दोन तास गेले. शेवटी एक माप असं सापडलं की वरची कड आली, खालची आली, डावी आली, उजवी केसभर राहिली होती. पेटीने विचारलं, हे ठेवू का? पंधरा, चौदा. मी कीबोर्डकडे हात नेला आणि टीव्ही, पेटी, दिवा, सगळं एकदम बंद!

मागे वळून बघतो तर रोहिणी व्हॅक्युम क्लीनर घेऊन उभी. त्याची पिन लावायला तिने आमची पिन काढली होती.

"अय्या, सॉरी," ती म्हणाली. "चालू होतं होय?"

परत चालू केलं तर सगळं जुन्यावर गेलेलं. कुठलं माप होतं ते मी लिहून ठेवलं नव्हतं. टेस्टरने लिहून न ठेवणं म्हणजे काय, ते टेस्टरलाच कळेल.

मंडळींना हा किस्सा फार आवडतो. शुभदाने मुंबईहून मेसेज केला होता की आमच्याकडे निदान पंधरा सेकंद तरी मिळायचे.

* * *

रोहिणीबद्दल एक सांगायचं राहिलं, म्हणजे शेवटचा किस्सा कळेल.

रडणं थांबलं त्याच सुमाराला ती वॉर्ड ऑफिसच्या जपानीच्या वर्गाला जायला लागली होती. मी इतकी वर्षं ऑफिसात इंग्रजीवर भागवलं. ती दोन वर्षांत वर्तमानपत्र वाचायला लागली. आमच्या इमारतीत कचऱ्याचं नवीन पत्रक आलं की तीन मजल्यांवरच्या भारतीय बायका ते घेऊन आमच्या दारात. फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, भाताच्या कुकरचं प्रत्येक बटण तिनेच मला वाचून शिकवलं. टीव्हीच्या रिमोटवर मला आवाज आणि चॅनेल एवढंच कळतं, बाकी सगळी जपानी अक्षरं. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "टीव्ही तुझ्या खात्यात."

मला त्याचं कधी काही वाटलं नाही. चित्र बिघडलंय ते पेटीत, टीव्हीला काय विचारायचं? जोगळेकर, मी, साने, आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आमच्यापैकी एकाने कधी टीव्हीचा मेनू उघडून बघितला नाही.

आणि सकाळी ती स्टेशनमागच्या बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात काम करते. चार तास, डबे भरायचे. मालकीणबाई सत्तरीच्या. आधी रोहिणीला फक्त भात भरायला द्यायच्या, मग भाज्या, आणि गेल्या वर्षी अंड्याची गुंडाळी करायचा चौकोनी तवा तिच्या हातात दिला. तो त्या आजवर कुणाला देत नव्हत्या म्हणे. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी मार्चचा विचार करत होतो, त्यामुळे नुसतं अरे वा म्हणालो. दुकानाचा निळा एप्रन दाराजवळच्या हुकवर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत सापडावा म्हणून.

तर गेल्या डिसेंबरची गोष्ट.

मोरिता-साननी मला खोलीत बोलावलं. या वेळी एक वर्ष नाही, दोन. किंवा मार्चमध्ये परत. आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं की तुमची इच्छा काय? समोर एक पानाचा फॉर्म ठेवला, दोन पर्याय, एकावर गोल करायचा आणि घरच्या लोकांशी बोलून, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून सोमवारी द्यायचा. मी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या डोळ्यांसमोर रोहिणीचा वीटभर अक्षरांतला मेसेज आला. मी परत जाण्यावर गोल केला. शिक्का घरी होता.

रविवारी दुपारी मंडळी यायच्या आधी मी फॉर्म आणि शिक्का टेबलावर काढून ठेवला. पेटी लावलेली होती, पडद्यावर नेहमीसारखी पहिलं अक्षर गेलेली नावं. इरा जमिनीवर चित्र रंगवत होती. रोहिणी एप्रनला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "झालं बघ तुझ्या मनासारखं. मार्चमध्ये जातोय आपण."

तिने इस्त्री उभी केली. "बरं झालं," म्हणाली. एप्रनची नीट चौकोनी घडी घातली. पण तो हुकवर न लावता खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

मग येऊन माझ्या शेजारी बसली आणि टीव्हीचा रिमोट उचलला. एक बटण दाबलं. पडद्यावर जपानी अक्षरांची यादी आली. दोनदा खाली, एकदा उजवीकडे, आणि मधलं बटण.

चारी बाजूंनी चित्र आत आलं. सगळ्या नावांची पहिली अक्षरं आली. खालच्या कोपऱ्यात घड्याळ दिसलं, तीन वाजून चाळीस मिनिटं. इराने मान वर करून बघितलं आणि जपानीत म्हणाली, सगळं दिसतंय.

मी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"पेटी आली त्या रविवारपासून."

"मग केलं का नाहीस?"

"आता केलं ना," ती म्हणाली. तिने रिमोट टेबलावर फॉर्मच्या शेजारी ठेवला.

मी बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत बसलो. चव्वेचाळीस झाले, पंचेचाळीस झाले. मग रिमोट तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, कुठलं बटण ते मला दाखव. तिने माझा अंगठा धरून दाखवलं. तेच बटण, दोनदा खाली, मग मी उजवीकडेच्या ऐवजी डावीकडे दाबलं. घड्याळ गेलं. पहिली अक्षरं गेली. इरा इंग्रजीत भांडायला लागली.

मी फॉर्म पुढे ओढला आणि इराला म्हटलं, "तुझा खोडरबर दे जरा."

चार वाजता बेल वाजली. काका आणि योशिए-सान आले. काकांनी बूट काढता काढता पडद्याकडे बघितलं, कपाळ नसलेली माणसं बघितली आणि म्हणाले, "अजून तसंच? अरे, इंजिनिअर ना तू?"

"याला कुठे जमतंय, काका," रोहिणी म्हणाली. तिने ड्रॉवर उघडून एप्रन काढला, हुकवर लावला आणि चहाला आधण ठेवलं.